साइट तुम्हाला बरी दिसते. गिऱ्हाईकाला काय दिसतं?

कोल्हापुरात कुठल्याही दुकानदाराला विचारा, ‘तुमची साइट चालू आहे का?’ तो खिशातून मोबाइल काढतो, पत्ता टाकतो आणि स्क्रीन आपल्यासमोर धरतो. ‘हे काय, चालूच आहे की!’ चप्पल लाइनमधला व्यापारी असो, गुजरीतला सराफ असो, शाहूपुरीतली गुळाची पेढी असो नाहीतर अंबाबाईच्या देवळाजवळचा लॉजवाला. उत्तर हेच आणि पुरावाही हाच.

या पुराव्यात दम नाही. त्याच्या मोबाइलमध्ये साइटची कालचीच प्रत साठवलेली असू शकते. मालक बहुतेकदा ॲडमिन म्हणून लॉगिन असतो आणि त्याला दिसणारी पानं परक्या माणसाला दिसणाऱ्या पानांपेक्षा वेगळी असतात. स्वतःच्या साइटवर चप्पल निवडून, पत्ता भरून, पैसे देऊन तो कधी बघत नाही. त्यात साइट फोडणारा माणूस काही खुळा नसतो. मालकाला खटकलं की आपला धंदा बंद, हे त्याला कळतं. म्हणून मालकासमोर साइट चकाचक दिसेल अशी तजवीज तो आधीच करून ठेवतो.

वेबसाइटवर लक्ष ठेवणं, ज्याला या धंद्यात मॉनिटरिंग म्हणतात, ते मुळात एवढंच आहे: साइटकडे परक्या माणसासारखं, बाहेरून, ठरावीक वेळाने बघत राहायचं आणि काही वावगं दिसलं तर जबाबदार माणसाला हाक मारायची. जिथे बाहेरून बघणारं कुणी नाही आणि हाकेला ओ देणारंही कुणी नाही, तिथे महागडं सॉफ्टवेअर घेऊन फक्त बिल वाढतं. बाकीचा सगळा तपशील; पण तो जाणून घेण्यासारखा आहे.

तीन अंकी आकडा

ब्राउझर पान मागतो तेव्हा सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, पानाच्या आधी एक तीन अंकी आकडा पाठवतो. तो आपल्याला दिसत नाही. 200 म्हणजे सगळं ठीक, हे घ्या पान. 301 किंवा 302 म्हणजे पान इथे नाही, अमक्या पत्त्यावर जा. 403 म्हणजे मनाई. 404 म्हणजे असं पानच नाही. पाचशेच्या घरातला आकडा आला की दोष आपल्याकडचा: 500 म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम अडखळला, 503 म्हणजे आत्ता झेपत नाही, मागाहून या.

साध्यातली साधी मॉनिटरिंग सेवा दर काही मिनिटांनी तुमचं पान मागते, हा आकडा बघते आणि तो चुकीचा आला किंवा उत्तरच आलं नाही तर तुम्हाला मेल किंवा मेसेज पाठवते. अपटाइमरोबोटसारख्या सेवेत मोफत खात्यातही दर पाच मिनिटांनी तपासणी होते. स्वतः मांडामांड करायची हौस असेल तर अपटाइम कुमा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. पथ्य एकच, ते साइटच्याच सर्व्हरवर बसवू नका. सर्व्हर पडला की तेही पडणार, मग सांगणार कोण? मोठ्या मोठ्यांची यात फजिती झालेली आहे. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनची एस-3 ही साठवणूक सेवा अमेरिकेतल्या एका विभागात काही तास कोलमडली. कुठली सेवा चालू, कुठली बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं पानही त्याच एस-3 वर अवलंबून होतं. त्यामुळे निम्मं इंटरनेट ओरडत असताना त्या पानावर मात्र सगळं आलबेल दिसत होतं.

होस्टिंगच्या, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने जागा देणाऱ्यांच्या, जाहिरातीत ‘99.9 टक्के अपटाइम’ (चालू राहण्याचा वेळ) असं लिहिलेलं असतं. गणित करून बघा: उरलेला 0.1 टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. 99 टक्के म्हणजे तर साडेतीन दिवसांहून जास्त बंद. हे तास पहाटे तीनला जाणार की धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, हे जाहिरात सांगत नाही. तुमच्या स्वतःच्या नोंदी असतील तरच होस्टिंगवाल्याशी बोलताना हातात काही असतं. नाहीतर ‘आमच्याकडून सगळं ओके आहे सर’ यापलीकडे गाडी सरकत नाही.

आता खरी गोम. 200 आकडा आला म्हणजे साइट ठीक, असं अजिबात नाही. सर्व्हरच्या दृष्टीने ‘आज माल उपलब्ध नाही’ असं चुकून छापलेलं पानही 200 आणि बिघडलेल्या प्लगइनमुळे (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममुळे) अर्धवट आलेलं कोरं पानही कधीकधी 200. म्हणून पानावर अमुक शब्द आहे का, हे तपासायची सोय वापरावी. चप्पलच्या पानावर ‘कार्टमध्ये टाका’ हे शब्द असायलाच हवेत. नसतील तर आकडा काहीही असो, कळवा. उलटही लावता येतं: पानावर ‘कॅसिनो’ हा शब्द आला तर लगेच कळवा. हे फुकटात होणारं काम आहे आणि फार थोडे लोक करतात.

सगळ्यात गुपचूप मरणारी गोष्ट म्हणजे संपर्काचा फॉर्म. गिऱ्हाईक नाव, नंबर, ‘पन्नास जोड हवेत, भाव सांगा’ असं भरून पाठवतं. त्याला ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं दिसतं. इकडे मेल येतच नाही. पान 200, फॉर्म हिरवा, कुठेही त्रुटी नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले. एसपीएफ किंवा डीकेआयएम या नावाच्या नोंदी डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, नसतील तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत फिरतो. ‘हल्ली चौकशा कमी झाल्या, मंदी आहे,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच फॉर्म भरून बघावा. मंदी कधीकधी तिथे सापडते. उपाय साधा: दर सोमवारी दुकानातल्या कुणीतरी घरच्या मोबाइलवरून फॉर्म भरायचा आणि मेल आला का ते बघायचं. महिन्यातून एकदा खरी ऑर्डर देऊन, खरे पैसे भरून, मग ती रद्द करून बघायची. परतावा किती दिवसांत येतो तेही कळतं, आणि ते गिऱ्हाईकाला सांगायला उपयोगी पडतं.

तारखा चुकल्या की

पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस येतं ते एसएसएल प्रमाणपत्रामुळे. त्याला मुदत असते. मुदत संपली की ब्राउझर गिऱ्हाईकाला पूर्ण पानभर इशारा दाखवतो. पैसे भरायला आलेला माणूस तिथूनच पळतो. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं व्हावं अशी व्यवस्था असते. ‘आपोआप’ होणाऱ्या गोष्टी ज्या दिवशी होत नाहीत त्या दिवशी कुणाला कळत नाही. पूर्वी लेट्स एन्क्रिप्टकडून मुदत संपत आल्याचा मेल यायचा. जून 2025 पासून तो बंद झाला. आणि पुढे मुदती आणखी आखडणार आहेत: एप्रिल 2025 मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने ठरवलंय की कुठल्याही प्रमाणपत्राची कमाल मुदत मार्च 2026 पासून 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून फक्त 47 दिवस. वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बसवून ‘झालं काम’ म्हणायचे दिवस संपले. तेव्हा 14 दिवस आधी इशारा देणारी तपासणी लावून ठेवा.

प्रमाणपत्राची तारीख चुकल्याचा आणखी एक नमुना सांगण्यासारखा आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनीकडे नेटवर्कवरून होणारी माहितीची ये-जा तपासणारं यंत्र होतं. पण त्या यंत्रावरचं प्रमाणपत्र महिनोन्महिने संपलेलं होतं, त्यामुळे बंद पाकिटातली, म्हणजे सांकेतिक केलेली, ये-जा त्याला उघडून बघताच येत नव्हती. जुलै अखेरीस प्रमाणपत्र बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसायला लागली. यंत्र होतं, वीज चालू होती, दिवाही लागत असेल. नजर तेवढी नव्हती. म्हणून मॉनिटरिंग लावलं की ते खरंच ओरडतं का, हे मुद्दाम काहीतरी बंद पाडून तपासावं.

डोमेनचं नाव तर याहून मोठं दुखणं. साइट पुतण्याच्या मित्राने बनवलेली असते, डोमेन त्याच्या मेलवर, आणि तो आता पुण्यात हिंजवडीला. मुदत संपल्याचे मेल त्याला जातात, तो बघत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीनंतर काही दिवस सवलत मिळते, त्यानंतरच्या 30 दिवसांत जबर दंड भरून नाव सोडवता येतं, आणि मग ते जगाला खुलं. चांगल्या नावावर टपून बसलेले लोक असतात. इथे कसलं सॉफ्टवेअर नको. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर करून घ्या आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

‘आमची साइट कोण कशाला फोडंल?’

हा प्रश्न हटकून येतो. आम्ही कोण मोठे लागून गेलो! प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गैरसमज आहे: कुणीतरी बसून तुमची निवड करतं, हा. प्रत्यक्षात बॉट नावाचे प्रोग्रॅम रात्रंदिवस जगातल्या सगळ्या साइटची दारं ढकलून बघत असतात. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट चालतात, त्यामुळे वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनमध्ये भोक सापडलं की एकच किल्ली लाखो कुलपांना लावून बघता येते. तुमची साइट उघडली तर ती कशाला वापरायची हे नंतर ठरतं. तुमच्या पत्त्यावरून स्पॅम मेल पाठवता येतात, बँकेचं बनावट लॉगिन पान ठेवता येतं, सट्ट्याच्या साइटला लिंक देता येतात. आपल्याकडच्या सरकारी आणि कॉलेजांच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती अशाच सापडल्या आहेत. त्या साइटवर गूगलचा विश्वास जास्त, म्हणून त्यांना भाव जास्त.

हे ढकलून बघणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडा. होस्टिंग सांभाळायला सीपॅनेल असेल तर ‘रॉ ॲक्सेस’ या नावाखाली मिळतो. प्रत्येक ओळ म्हणजे एकाने केलेली एक मागणी: आयपी पत्ता (मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा क्रमांक), वेळ, काय मागितलं, आणि शेवटाकडे तो तीन अंकी आकडा. त्यात तुम्हाला असल्या ओळी दिसतील: पहाटे 3 वाजून 12 मिनिटं, पोस्ट (काहीतरी भरून पाठवलं), डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी (वर्डप्रेसचं लॉगिनचं पान), 200. लगेच दुसरी, तशीच. मग तिसरी. अशा शेकडो. वर्डप्रेसमध्ये पासवर्ड चुकला की लॉगिनचंच पान पुन्हा दाखवलं जातं, म्हणून आकडा 200. म्हणजे इथे 200 ही चांगली बातमी: कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय आणि चुकतंय. तीच ओळ, तोच आयपी, पण शेवटी 302 दिसला तर मात्र ताडकन उठायचं. पासवर्ड बरोबर आला की वर्डप्रेस माणसाला आत डॅशबोर्डकडे पाठवतं, त्याचा हा आकडा. (काही सुरक्षा प्लगइन या आकड्यांत बदल करतात, तेव्हा आधी स्वतः एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर पासवर्ड टाकून आपल्या साइटवर काय उमटतं ते बघून ठेवा.) वरवरच्या नजरेला जे ‘सगळं 200, सगळं ठीक’ वाटतं त्यातली एक ओळ अशी निराळी असते.

याच लॉगमध्ये भरपूर 404 दिसतील. डॉट ईएनव्ही, डॉट गिट, बॅकअप डॉट झिप, असली नावं मागणारे बॉट. ती फाइल नाही म्हणून 404 मिळतो, उत्तम. पण साइट हलवताना कुणी खरोखरच बॅकअपची झिप पब्लिक एचटीएमएल या जगाला खुल्या फोल्डरमध्ये विसरून गेला असेल, तर उत्तर 200 येतं आणि डेटाबेसच्या पासवर्डसकट सगळी साइट परक्याच्या हातात जाते. हे आजच्या आज तपासा.

आत शिरल्यावर फोडणारा काय करतो? बहुधा काही मोडत नाही. मोडलं तर तुम्ही जागे व्हाल. तो अपलोड्स फोल्डरमध्ये एखादी पीएचपी फाइल टाकतो. या फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असावेत. चालणारा प्रोग्रॅम तिथे असायचं काही कारण नाही. काही प्लगइन तिथे जवळजवळ रिकामी इंडेक्स डॉट पीएचपी ठेवतात, ती निरुपद्रवी. पण एखाद्या महिन्याच्या फोल्डरात, चपलांच्या फोटोंच्या मधोमध, निरर्थक अक्षरांच्या नावाची पीएचपी फाइल असेल आणि आत न वाचता येणारी लांबलचक अक्षरमाळ असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय. तो एखादा नवा ॲडमिन खातेदारही तयार करतो, नाव अगदी साधं, ‘सपोर्ट’ वगैरे. म्हणून ॲडमिनच्या यादीत किती नावं आहेत ती संख्या लक्षात ठेवा. वर्डप्रेसच्या मूळ फाइल जशाच्या तशा आहेत का, हे डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा द्यायच्या साधनातल्या ‘व्हेरिफाय चेकसम्स’ या आज्ञेने मिनिटभरात कळतं. सुरक्षा प्लगइनही हेच करतात, फक्त जास्त रंगीत पद्धतीने.

मग तो दाखवायच्या साइट दोन करतो. मालकाने थेट पत्ता टाकला की नेहमीची साइट. गूगलवरून, तेही मोबाइलवरून आलेल्या गिऱ्हाईकाला मात्र कॅसिनोकडे वळवलं जातं. किंवा माणसाला काहीच वेगळं दिसत नाही, पण गूगलचा बॉट आला की त्याला जपानी भाषेतली शेकडो पानं दाखवली जातात, नकली ब्रँडेड मालाची. या प्रकाराला गूगलच्या कागदपत्रांतच ‘जपानी कीवर्ड हॅक’ असं नाव आहे, एवढा तो सर्रास आहे. शोधायची रीत: गूगलमध्ये ‘site:’ आणि मध्ये जागा न सोडता लगेच तुमचा पत्ता असं इंग्रजीत लिहून शोधा. तुमच्या साइटची गूगलला ठाऊक असलेली पानं समोर येतात. तीस पानांच्या साइटची हजारो पानं निघाली, किंवा जपानी अक्षरं दिसली, तर निकाल लागला. मग वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, इनकॉग्निटो खिडकीत, दुकानाचं नाव गूगलवर शोधून निकालावर टिचकी मारा. गिऱ्हाईक येतं तसंच यायचं.

गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन यासाठी सोन्यासारखं आहे. त्यात सुरक्षाविषयक अडचणींचा अहवाल असतो, गूगलला आपलं पान कसं दिसलं तेही बघता येतं, आणि कुणी नवा माणूस मालक म्हणून जोडला गेला तर मेल येतो. ती शेवटची मेल कानाडोळा करण्यासारखी नाही. फोडणारे स्वतःला तिथे मालक म्हणून घुसवतात.

पैसे भरायच्या पानाची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये सुमारे 22 ओळी घातल्या. ग्राहकाने कार्डचा तपशील भरला की तो कंपनीकडे जाई आणि त्याच वेळी एक प्रत ‘बीएवेज डॉट कॉम’ या सारख्या दिसणाऱ्या पत्त्यावर. त्या पत्त्यालाही एसएसएल प्रमाणपत्र होतं, कुलपाच्या चिन्हासकट. तिकिटं निघत होती, विमानं उडत होती, एकही त्रुटी नाही. चोर जूनमध्ये शिरले होते. कंपनीला सप्टेंबरात कळलं, तेही बाहेरच्याने सांगितल्यावर. 4 लाखांहून जास्त ग्राहकांना झळ बसली आणि 2020 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला 2 कोटी पौंड दंड केला. आपल्याकडे छोट्या दुकानाच्या साइटवर याचा गावठी अवतार म्हणजे यूपीआयचा क्यूआर कोड किंवा बुकिंगचा फोन नंबर बदलणं. लॉजच्या साइटवर नंबर बदलला तर नवरात्रातल्या खोल्यांची आगाऊ रक्कम भलतीकडे जाते आणि भाविक दारात येऊन तुमच्याशी भांडतो. पानात बदल झाला की कळवणाऱ्या सेवा आहेत. त्या सगळ्या साइटला लावायच्या भानगडीत पडू नका, फक्त पैसे आणि फोन नंबर असलेल्या पानांना लावा. सगळ्या साइटला लावल्या तर रोज मेलचा पाऊस पडेल, आणि तिथेच पुढचा घोळ सुरू होतो.

कधी ओरडायचं

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत असतं. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तर विचारायलाच नको. तीस फुटांवर कुणी घर रिकामं करत नाही; पण सकाळपासून किती फूट चढलं आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, हे मात्र सगळे विचारतात. साइटच्या मॉनिटरिंगला ही समज जशीच्या तशी लागू पडते. एकच पातळी ठेवून भागत नाही. पान एरवी एका सेकंदात येतं. तीन सेकंद लागले की मेल, आठ लागले की फोन. सर्व्हरची डिस्क 80 टक्के भरली की इशारा, 90 टक्क्यांवर धोका, कारण डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेस लिहायचा थांबतो आणि ऑर्डर घेणं बंद पडतं. आकड्याहून चढण्याचा वेग महत्त्वाचा: रोज एखादा टक्का वाढणारी डिस्क एका रात्रीत पंधरा टक्के वाढली तर ती अजून 70 वर असली तरी बघायला हवं. आणि वरच्या अंगाला काय चाललंय, म्हणजे आपण वापरतो त्या प्लगइनमध्ये भोक सापडल्याची बातमी आलीय का, हे पाणी दारात यायच्या आधी कळतं.

एकदाच तपासणी चुकली की फोन वाजवायचा नाही. लागोपाठ दोनदा चुकली, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून चुकली, तरच. नाहीतर कुठेतरी केबल तुटल्यावर मध्यरात्री उठून बसायची वेळ येते. असं चार वेळा झालं की माणूस सूचना बंद करून झोपतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. त्यांच्या सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता. बेंगळुरूमधल्या त्यांच्या पथकाने तो बघून अमेरिकेत कळवलाही होता. तिथे कुणी हालचाल केली नाही. म्हणून प्रत्येक सूचनेपुढे एका माणसाचं नाव हवं, आणि त्याने फोन उचलला नाही तर दुसऱ्याचं. ‘आम्ही सगळे बघतो’ याचा अर्थ कुणीच बघत नाही.

प्रत्येक उसळी म्हणजे हल्ला, असंही नव्हे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि त्यावरून रान पेटलं. असल्या दिवशी एखाद्या चप्पलवाल्याच्या साइटवर एरवीच्या कैक पट लोक आले, तर घाबरून परदेशी आयपी बंद करणं म्हणजे लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाणं. फरक लॉगमध्ये दिसतो. खरी माणसं वेगवेगळ्या मोबाइलवरून, गूगलवरून किंवा इन्स्टाग्रामवरून येतात, मालाची पानं चाळतात, फोटो उघडतात. असले बॉट सहसा फोटो मागत नाहीत. लॉगिनचं पान, शोधाची चौकट आणि नसलेल्या फाइल यांच्यावरच आदळत राहतात. माणसं वाढली तर होस्टिंगवाल्याला फोन करून क्षमता वाढवा. बॉट वाढले तर क्लाउडफ्लेअरसारखी बॉट अडवणारी सेवा पुढे उभी करा, लॉगिनवर दोन टप्प्यांची ओळख लावा.

सापडलंच तर

पहिली चूक सगळे जी करतात ती म्हणजे घाईघाईने बॅकअप परत टाकणं. बॅकअप कधीचा आहे? चोर महिन्यापूर्वी शिरला असेल तर गेल्या आठवड्याच्या बॅकअपमध्येही तोच बसलेला असतो. आणि भोक तसंच राहिलं तर साफ केलेली साइट दोन दिवसांत पुन्हा फुटते. आधी साइट देखभालीच्या पानाने झाका आणि ते पान 503 आकड्यासह दाखवा, म्हणजे गूगल ते तात्पुरतं समजतो. मग लॉग आणि फाइलची जशीच्या तशी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. पुसून टाकल्यावर तपासायला काही उरत नाही. त्यानंतर पासवर्ड बदला: होस्टिंग, वर्डप्रेस, डेटाबेस, मेल, सगळे. आणि ते स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला, कारण पुष्कळदा पासवर्ड गेलेला असतो तो दुकानातल्या ज्या पीसीवर फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलंय तिथून. पैसे देऊन घ्यायच्या थीम (साइटच्या सजावटीचे तयार साचे) परवान्याचं कुलूप तोडून ‘नल्ड’ म्हणून फुकटात मिळतात, त्यांच्यातून तर दार उघडंच येतं.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार साइटमध्ये घुसखोरी, साइटचं विद्रूपीकरण असे प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवायचे असतात आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. हे व्यावसायिक संस्थांनाही लागू आहे. स्वस्तातलं होस्टिंग पुष्कळदा लॉग काही दिवसांतच पुसतं. तेव्हा ते दर आठवड्याला उतरवून घ्यायची व्यवस्था आत्ताच करा. गिऱ्हाईकाचे पैसे गेले असतील तर त्याला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायला सांगा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत अडवायची शक्यता जास्त.

साफसफाई झाल्यावर सर्च कन्सोलमधून गूगलकडे फेरतपासणी मागायची. बनावट लॉगिन पानाचा मामला साधारण दिवसभरात निपटतो, मालवेअरला काही दिवस लागतात, आणि जपानी पानांसारखा स्पॅम असेल तर काही आठवडेही जातात. तोवर शोधाच्या निकालात तुमच्या नावाखाली ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ असं दिसत राहणार. त्या काळात नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर सरळ सांगावं: अमुक तारखेला असं झालं, अमुक दिवसांत साइटवर पैसे भरले असतील तर बँकेचा हिशेब तपासा, ऑर्डर सध्या फोनवर घेतोय.